पार्श्वभूमी : अणुयुद्धाचे चित्रपट आणि मागे राहणारी भीती

अणुयुद्धावरचे जे चित्रपट चाळीस-साठ वर्षांनंतरही प्रेक्षकाच्या मनातून जात नाहीत, त्यांत प्रत्यक्ष स्फोटाला फार थोडी जागा आहे. 'ऑन द बीच' (1959) मध्ये एकही बॉम्ब फुटताना दिसत नाही. 'टेस्टामेंट' (1983) मध्ये घरात शिरणारा लख्ख पांढरा उजेड येतो, एवढंच. 'फेल सेफ' (1964) शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची रोजची माणसं दाखवतो आणि ती चित्रं जागच्या जागी थांबतात. या चित्रपटांची पकड आहे ती दोन गोष्टींत. एक, नाव असलेलं, पत्ता असलेलं साधं गाव. दुसरी, स्फोटानंतरचे दिवस.

ओळखीची जागा पडद्यावर आली की काय होतं, हे कोल्हापुरात समजावून सांगावं लागत नाही. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली. रंकाळा, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर पडद्यावर दिसला की थिएटरात अजून कुजबुज होते. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या प्रेक्षकाने 1984 साली 'थ्रेड्स' या चित्रपटात स्वतःची बाजारपेठ पडद्यावर जळताना पाहिली, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा अंदाज म्हणूनच इथल्या माणसाला लवकर येतो.

सुरुवात जपानमधून करायला हवी. 6 आणि 9 ऑगस्ट 1945 नंतर जपानी कॅमेरामननी हिरोशिमा आणि नागासाकीत केलेलं चित्रीकरण अमेरिकी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतलं. ते जपानला परत मिळालं 1967 मध्ये. त्यातल्या सुमारे 160 मिनिटांच्या साहित्यातून एरिक बार्नोव यांनी 1970 साली अवघ्या 16 मिनिटांचा माहितीपट उभा केला. हेच बार्नोव एस. कृष्णस्वामींसोबत भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारे, म्हणजे प्रभातच्या अभ्यासकांना ओळखीचे. सोळा मिनिटांत त्यांनी निवेदन जवळजवळ कोरडं ठेवलं. जखमांची चित्रं असताना आवाजाने रडायचं नाही, ही शिस्त पुढच्या सगळ्या चांगल्या चित्रपटांत दिसते.

जपानमध्ये अमेरिकी अंमल 1952 च्या एप्रिलपर्यंत होता आणि तोवर बॉम्बच्या परिणामांवर सेन्सॉरशिप होती. अंमल संपताच त्याच वर्षी कानेतो शिंदो यांचा हिरोशिमाच्या मुलांवरचा चित्रपट आला. मग 1 मार्च 1954 रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने 15 मेगाटनच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख 'लकी ड्रॅगन 5' या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर 23 जण होते. रेडिओ चालवणारे कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले आणि 3 नोव्हेंबरला 'गोजिरा', म्हणजे गॉडझिला, प्रदर्शित झाला. हा क्रम माहीत नसेल तर तो राक्षसपट वाटतो. माहीत असेल तर सुरुवातीचीच बोट पाहताना पोटात गोळा येतो. त्या प्राण्याची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बेसच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून मिळवली. ओळखीच्या कुठल्याच प्राण्याचा तो आवाज नाही, म्हणून तो कानात राहतो. खेळ ठेवायचा असेल तर 1956 ची अमेरिकी आवृत्ती दाखवू नये. तिच्यात अमेरिकी पत्रकाराचं पात्र घुसवलं आहे आणि अणुचाचणीचे संदर्भ पातळ केले आहेत. मूळ जपानी आवृत्तीच शोधावी.

'ऑन द बीच' 17 डिसेंबर 1959 रोजी जगातल्या अनेक शहरांत एकाच वेळी दाखवला गेला, त्यांत मॉस्कोही होतं. उत्तर गोलार्ध संपला आहे, किरणोत्सर्ग हळूहळू मेलबर्नकडे सरकतो आहे, आणि लोक नोकरीला जातात, बाग लावतात. आज त्याची गती संथ वाटते आणि तारे-तारकांची प्रेमकथा जड होते. आमच्या मते तो या मालिकेतला कमी टिकलेला चित्रपट आहे, पण 'मरण ठरलेलं आहे आणि तारीखही ठरलेली आहे' ही मांडणी त्याने पहिल्यांदा मोठ्या प्रेक्षकांपर्यंत नेली.

खरी उडी पीटर वॉटकिन्स यांच्या 'द वॉर गेम'ने घेतली. 1965 साली बीबीसीसाठी केलेला, 47 मिनिटांचा, कृष्णधवल. जागा केंट परगण्यातली, कलाकार म्हणजे तिथलेच सामान्य लोक, कॅमेरा हातात धरलेला. निवेदक बातम्यांच्या आवाजात आकडे सांगतो आणि त्याला आधार ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग, हिरोशिमाचा. प्रेक्षकाची गल्लत इथे होते. डोळे सांगतात की ही बातमी आहे. मेंदूला माहीत असतं की हे घडलेलं नाही, पण बातमी पाहताना आपण जी ढाल खाली ठेवतो ती ठेवली गेलेली असते. बीबीसीने प्रसारणाआधी तो सरकारी अधिकाऱ्यांना दाखवला आणि मग टेलिव्हिजनसाठी फार भयंकर आहे असं कारण देऊन अडवला. 1966 मध्ये चित्रपटगृहात तो दिसला, माहितीपटाचं ऑस्करही मिळालं, पण ब्रिटनच्या टीव्हीवर यायला 31 जुलै 1985 उजाडला. वीस वर्षं.

मधल्या काळात ब्रिटिश सरकारने 1980 साली 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका काढली. दारं काढून भिंतीला तिरपी लावा, त्यावर माती किंवा पुस्तकं भरलेल्या पिशव्या रचा, चौदा दिवसांचं अन्नपाणी ठेवा. 'व्हेन द विंड ब्लोज' (1986) मधलं म्हातारं जोडपं अशाच सूचना अक्षरशः पाळतं. आपल्याला रडू येतं ते त्यांच्या विश्वासामुळे. सरकारने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारी आजी-आजोबांची पिढी आपल्याही प्रत्येक घरात होती.

1983 चं वर्ष तणावाचं होतं. 26 सप्टेंबरला सोव्हिएत इशारा-यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं येत असल्याचं चुकीचं दाखवलं आणि स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो इशारा खोटा ठरवला. जगाला हे कळलं बऱ्याच वर्षांनी. 20 नोव्हेंबरला एबीसी वाहिनीवर 'द डे आफ्टर' आला. गाव कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स, गर्दीत तिथलेच रहिवासी, प्रेक्षक सुमारे 10 कोटी. हल्ल्यानंतर एकही जाहिरात नव्हती. छत्रीसारखा ढग पाण्याच्या टाकीत रंग सोडून चित्रित केला होता. चित्रपट संपल्यावर पाटी येते की प्रत्यक्षात याहून वाईट होईल. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच, 10 ऑक्टोबरला पाहिला आणि आपण फार खिन्न झाल्याची नोंद डायरीत केली. 8 डिसेंबर 1987 च्या अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्र कराराचं श्रेय या एका चित्रपटाला देणं ओढूनताणून होईल, पण डायरीतली ती नोंद खरी आहे.

आणि मग 23 सप्टेंबर 1984 रोजी 'थ्रेड्स'. लेखक बॅरी हाइन्स, दिग्दर्शक मिक जॅक्सन, शहर शेफील्ड. पहिला सुमारे पाऊण तास रूथ आणि जिमी यांच्या लग्नाची तयारी चालते, नव्या घराला वॉलपेपर लावणं चालतं. इराणमधल्या संघर्षाच्या बातम्या शेजारच्या टीव्हीवर, पबमधल्या रेडिओवर अर्धवट ऐकू येतात आणि कुणाचं लक्ष नसतं. प्रेक्षकाचं मात्र असतं. चित्रपट त्याच्याकडून हे काम करून घेतो, म्हणून बॉम्ब पडतो तेव्हा आपणही दुर्लक्ष केलं असं त्याला वाटत राहतं. पडद्यावर टंकलेल्या ओळी येतात, कोरड्या, सरकारी.

सगळ्यात लांब राहणारा भाग टाउन हॉलच्या तळघरातला आहे. आणीबाणीची समिती तिथे बसली आहे. फोन, याद्या, नकाशे, कोणाला किती धान्य याचा हिशेब. वर इमारत कोसळते. ते आत अडकतात, हिशेब करत राहतात आणि तिथेच मरतात.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी कोल्हापुरात काढला, त्यांना हा भाग वेगळा दिसेल. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पाण्याचे पंप पाण्याखाली, पेट्रोल आणि गॅसची टंचाई, हे सगळं त्या वेळी झालं. तरी बोटी बाहेरून आल्या, टँकर बाहेरून आले, चारा-कपडे-औषधं बाहेरून आली. 'थ्रेड्स'मध्ये 'बाहेर' उरलेलंच नाही. प्रत्येक शहराची तीच गत आहे, म्हणून कोणी कोणाकडे निघालेलं नाही. भीतीचं मूळ या ठिकाणी आहे आणि ते पूर पाहिलेल्या माणसाला न सांगता कळतं.

कोल्हापूरच्या नकाशावर एक वर्तुळ काढून पाहता येतं. अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाच्या 1979 च्या अहवालानुसार 1 मेगाटनचा बॉम्ब हवेत फुटला तर साधी घरं कोसळतील एवढा दाब सुमारे 7 किलोमीटरपर्यंत पोचतो. भवानी मंडप मध्य धरला तर रंकाळा, पंचगंगेचा घाट, रेल्वे स्टेशन, राजारामपुरी, विद्यापीठ सगळं आत. सीपीआर रुग्णालय तर अगदी मध्याजवळ. हिरोशिमात हेच झालं होतं : ज्यांनी उपचार करायचे ते बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मृत किंवा जखमी होते. बॉम्ब जमिनीवर फुटला तर किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे हातकणंगले, इचलकरंजी, मिरजेची बाजू. हिवाळ्यात दिशा बदलते. हा हिशेब चित्रपट पाहण्याआधी मांडू नये. आधी मांडला तर प्रेक्षक शेफील्डमध्ये पोचतच नाही, तो आपलं घर शोधत बसतो.

या भीतीचा अभ्यासही झाला आहे. 'द डे आफ्टर'च्या दुसऱ्या दिवशी रात्री अमेरिकी संशोधक जोअ‍ॅन कॅन्टर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत लहान मुलं सर्वांत कमी अस्वस्थ झालेली आढळली, किशोरवयीन त्याहून जास्त आणि आईवडील सर्वाधिक. लहान मूल दिसणाऱ्या गोष्टीला घाबरतं, अक्राळविक्राळ चेहऱ्याला. न दिसणारा धोका, उद्या अन्न नसेल ही कल्पना, हे समजायला वय लागतं. त्यामुळे 'गोजिरा'ला सात वर्षांचा मुलगा घाबरेल आणि 'थ्रेड्स' पाहून त्याची आई रात्रभर जागी राहील. मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी हिरोशिमातून वाचलेल्यांच्या मुलाखतींवर 1968 मध्ये जे लिहिलं त्यात मनाच्या बधिर होण्याचं वर्णन आहे : इतकं पाहिल्यावर भावनाच बंद होतात. तीव्र चित्रपटाच्या प्रेक्षकातही याची सौम्य छटा दिसते. संपल्यावर शांत बसलेला माणूस कंटाळलेला असेलच असं नाही.

भारतात 18 मे 1974 आणि 11 व 13 मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतरही असा कथापट आपल्याकडे रुजला नाही. जे मोठं काम झालं ते माहितीपटात : आनंद पटवर्धन यांचा 'जंग और अमन' (2002). सेन्सॉर बोर्डाने कट सुचवले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2003 मध्ये तो कटाविना मोकळा झाला. 'द वॉर गेम'च्या शेजारी ठेवून तो पाहावा. अडवण्याची कारणं दोन्हीकडे प्रेक्षकाच्या नावानेच दिली गेली.

हे चित्रपट दाखवायचे असतील तर काही गोष्टी बिघडतात, त्या आधीच माहीत असाव्यात. 'थ्रेड्स' 112 मिनिटांचा आहे आणि आपल्या सवयीचं मध्यंतर बरोबर हल्ल्यानंतर थोड्या वेळाने येतं. लोक चहा घेऊन परततात आणि सगळा ताण सुटलेला असतो. मध्यंतर ठेवूच नये. तो टीव्हीसाठी 4:3 चौकटीत केलेला आहे. प्रोजेक्टर आपोआप 16:9 वर गेला तर चेहरे पसरट दिसतात. आवाज निवेदकाच्या बोलण्यावर लावावा, स्फोटावर नाही. स्फोटाच्या वेळी सहन होईल असा लावला तर शेवटच्या अर्ध्या तासातली जवळजवळ निःशब्द दृश्यं ऐकूच येत नाहीत, आणि तीच महत्त्वाची.

शेफील्डची बोली इंग्रजी जाणणाऱ्यालाही जड जाते, त्यामुळे मराठी उपशीर्षकं लागतात. फाइल युटीएफ-8 या अक्षर-संकेतात जतन करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. काही प्लेअर जोडाक्षरं आणि वेलांटी तोडतात. तसं झालं तर अक्षरं चित्रातच पक्की बसवून घ्यावीत. एका वेळी दोनच ओळी, ओळीला 35-40 अक्षरं. टंकलेल्या इंग्रजी पाट्यांचं मराठी पडद्याच्या वरच्या बाजूला द्यावं, एकावर एक चढलं की दोन्ही वाचता येत नाहीत. घरी पाहायला घेतलेली प्रत सार्वजनिक खेळाला चालत नाही, हक्कधारकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो.

एका दिवशी दोन जड चित्रपट ठेवू नयेत. दुसऱ्याला प्रेक्षक बधिर झालेला असतो. महाविद्यालयासाठी 'द वॉर गेम' सोयीचा : 47 मिनिटं चित्रपट, 40 मिनिटं बोलणं. दिवे एकदम लावू नयेत आणि पाहुण्याचं भाषण लगेच सुरू करू नये, पाचेक मिनिटं जाऊ द्यावीत. चर्चा पहिल्या दहा मिनिटांत भारत-पाकिस्तानवर जाते. तिला पुन्हा पाहिलेल्या दृश्यावर आणायला सूत्रसंचालकाकडे दोन नेमके प्रश्न तयार हवेत, उदाहरणार्थ 'थ्रेड्स'नंतर, तळघरातल्या समितीने काय वेगळं करायला हवं होतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अ‍ॅनिमेशनपटांचा. 'व्हेन द विंड ब्लोज' आणि जपानी 'बेअरफूट गेन' (1983) कार्टून आहेत म्हणून लोक पोरांना घेऊन येतात. 'बेअरफूट गेन'मधलं स्फोटाचं दृश्य या यादीतलं सर्वांत उघडं आहे : वितळणारी माणसं, डोळे, कातडी, सगळं रंगात. तिथे भय दिसणारं आहे, म्हणजे लहान मुलांना थेट लागणारं. जाहिरातीच्या फलकावरच वयाची अट मोठ्या अक्षरांत छापावी आणि दारावर कोणी तरी ती तोंडी सांगायला उभं असावं.