झाकलेले ठिकाण: निसर्गनोंदींच्या ॲपमागचा एक जुना वाद

आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर सह्याद्रीतल्या एखाद्या दुर्मीळ पालीची किंवा कंदीलपुष्पाची नोंद उघडली, तर नकाशावर नेमके ठिकाण बहुधा सापडत नाही. तिथे ०.२ अंश रुंद आणि तेवढाच उंच असा चौकोन असतो. त्यात कुठेतरी यदृच्छेने टाकलेले एक टिंब, आणि तारखेच्या जागी फक्त महिना व वर्ष. नोंद करणाऱ्याने काही लपवलेले नसते. प्रजात संकटग्रस्तांच्या यादीत असल्यामुळे ॲपनेच ठिकाण झाकलेले असते. या निर्णयावर इथल्या हौशी निसर्ग निरीक्षकांमध्ये बरीच वर्षे खटके उडत आले आहेत.

हौशी माणसांच्या नोंदी ही काही मोबाइलची देणगी नव्हे. मुंबईत १८८३ साली आठ जणांनी मिळून सुरू केलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा पायाच असल्या नोंदींवर उभा होता. कोणी जंगल खात्यातला, कोणी कलेक्टर, कोणी डॉक्टर. पकडलेल्या किंवा मारलेल्या नमुन्याला चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर जागा व तारीख लिहायची, एवढी साधी रीत. त्या चिठ्ठीची किंमत किती, हे रानपिंगळा या छोट्या घुबडाने दाखवले. हा पक्षी १८८४ नंतर कुणालाच मिळाला नव्हता. अपवाद एकच होता: १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा दावा. पुढे उघड झाले की त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटे ठिकाण चिकटवले होते. ती नोंद बाजूला सारून शोधकांनी खऱ्या नमुन्यांच्या जागांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारजवळच्या शहाद्यालगत, सातपुड्याच्या पायथ्याशी पक्षी सापडला. चिठ्ठीवरचा एक खोटा पत्ता कित्येक दशकांचा शोध भरकटवू शकतो, हे तेव्हा कळून चुकले.

मधला काळ भराभर सांगून टाकतो. हिवाळी पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून, स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाची ऑनलाइन नोंद २००७ पासून. २००८ हे वर्ष मात्र लक्षात ठेवावे. कॅलिफोर्नियात एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून आयनॅचरॅलिस्ट त्याच वर्षी बांधले आणि भारतातले जैवविविधतेचे खुले पोर्टलही त्याच वर्षी आले. पक्षीनोंदींचे ईबर्ड त्याआधीचे, २००२ चे, पण जगभरासाठी खुले झाले २०१० मध्ये. आपल्याकडे खरी भरती आली ती २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. २०१७ मध्ये फोटो पाहून संगणकच नाव सुचवू लागला. सुरुवातीला तो आपल्या कीटकांना बिनदिक्कत अमेरिकी नावे देई, आणि नवखे लोक तीच स्वीकारत. ती घाण उपसायला स्वयंसेवकांनी किती वेळ घालवला, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. तरीही हौशी नोंदींच्या या साठ्याने काय साधले ते नाकारता येत नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला आहे.

आता मूळ तंट्याकडे.

ठिकाण झाकण्याचे कारण खोटे नाही. चीनमधली एक गुहावासी पाल १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकात वर्णिली गेली आणि पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणाऱ्यांनी मूळ जागेवरून ती जवळजवळ संपवली. २०१७ मध्ये एका नामांकित विज्ञान नियतकालिकात ‘प्रसिद्ध करू नका’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला, तेव्हा जगभर चर्चा पेटली. ईबर्डनेही त्याच वर्षी संवेदनशील पक्ष्यांच्या नोंदी लोकांना केवळ ४०० चौरस किलोमीटरच्या चौकटीतच दिसतील अशी व्यवस्था केली. फरक इतका, की तिथे यादी निवडक ठेवली गेली. आयनॅचरॅलिस्टचा मूळ नियम मात्र सरसकट होता: धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ किंवा त्याहून वाईट वर्गात असलेल्या प्रजातीचे ठिकाण आपोआप झाकायचे.

हा नियम शब्दशः लावला तर ठाण्याच्या खाडीतला लहान रोहितसुद्धा (फ्लेमिंगो) झाकला जातो. हजारोंच्या संख्येने चिखलात उभा असलेला, पुलावरून जाणाऱ्यांना दिसणारा पक्षी! गवा आणि सांबर यांचेही तेच. शिकाऱ्याला गवा कुठे असतो हे ॲप उघडून पाहावे लागत नाही. उलट अडचण येते ती वनस्पतीच्या किंवा बेडकाच्या अभ्यासकाची. सह्याद्रीत ०.२ अंश म्हणजे साधारण २१-२२ किलोमीटर. एवढ्या अंतरात कोकणाचा पायथा, घाटमाथा आणि देशावरचे पठार सारे येते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजाराच्या आतबाहेर. अशा मुलखात चौकोन देणे म्हणजे उंची, पाऊस, माती, सगळे पुसून टाकणे. अभ्यासक वापरतात त्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते तेही हेच झाकलेले टिंब. आणि ज्या रानपिंगळ्याने अचूक ठिकाणाची किंमत शिकवली, तो स्वतः संकटग्रस्त असल्याने याच नियमात बसतो.

झाकण्याच्या बाजूने बोलणारे कासचे उदाहरण देतात. पठार प्रसिद्ध झाले, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत गेले आणि लोंढे इतके वाढले की दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली. मला हे उदाहरण लंगडे वाटते. कासची गर्दी फुलांच्या फोटोंनी आणि बातम्यांनी ओढली, अक्षांश-रेखांशांनी नव्हे. आंबोलीचा अनुभव तर उलटा आहे. हिरण्यकेशी देवस्थानाच्या कुंडातला छोटा मासा २०२० मध्ये नवी प्रजात म्हणून वर्णिला गेला, ठिकाणासकट. आणि पुढच्याच वर्षी तिथली २.११ हेक्टर जागा राज्य सरकारने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पत्ताच नसता तर हद्द कशाच्या आधारे आखली असती?

पत्त्याची गरज आणखी एका ठिकाणी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या सजीवांची नोंद ठेवणारी वही, बंधनकारक केली. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती. पंधराएक वर्षे काम रेंगाळले, मग पर्यावरण न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत आणि महिना दहा लाखांच्या दंडाची तंबी दिली, तेव्हा वह्या धडाधड भरल्या गेल्या. कशा भरल्या, हे शेजारच्या दोन गावांच्या वह्या एकाखाली एक ठेवल्या की कळते. गावच्या शिवारात कुणीतरी आधीच केलेल्या शेकडो नोंदी ॲपवर पडून असताना समितीला त्यांतल्या नेमक्या महत्त्वाच्या, म्हणजे प्रदेशनिष्ठ (केवळ याच भागात आढळणाऱ्या) आणि धोक्यातल्या प्रजाती आपल्या शिवारात आहेत की शेजारच्या तालुक्यात, हेच कळू शकत नाही. नोंद करणाऱ्याला गाठून विचारणे, किंवा ॲपवर प्रकल्प काढून त्याने विश्वासाने झाकलेले ठिकाण त्या प्रकल्पाला दाखवण्याची वाट पाहणे, एवढेच मार्ग उरतात.

अलीकडे नियम थोडा सैल झाला आहे. एखाद्या देशासाठी किंवा राज्यासाठी प्रजातीचा दर्जा वेगळा ठरवता येतो, आणि धोका शिकारीचा नसून अधिवासाचा असेल तर ठिकाण खुले ठेवण्याची मागणी करता येते. पण ती मागणी एकेका प्रजातीसाठी, इंग्रजीत, आधार देऊन मांडावी लागते आणि निर्णय घेणारे स्वयंसेवक बहुतेक दूरदेशीचे असतात. पठारावरच्या गवतांसाठी आणि खडकांतल्या पालींसाठी हे काम अजून बरेचसे बाकी आहे.