एक्सेल ‘सेव्ह होत नाही’ म्हणालं, तर आधी खिडकी बंद करू नका

“एक्सेल बिघडलंय, फाइल सेव्ह होत नाही,” असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फाइल आहे कुठे? बहुतेक वेळा एक्सेलला काहीच झालेलं नसतं. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क किंवा ऑफिसात सगळे नेटवर्कवरून वापरतात तो ‘झेड’ ड्राइव्ह मध्येच गायब झालेला असतो.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे लाइट. लाइट जाते, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, म्हणून कुणाला काही बिनसलं असं वाटत नाही. पण भिंतीवरचा राउटर आणि टेबलाखालचा नेटवर्कचा स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) यूपीएसवर नसतात. झेडपर्यंतची वाट त्यांच्यातूनच जाते, म्हणून ते विझले की झेड ड्राइव्ह गेला.

तरीही आकडे समोर दिसत राहतात, कारण फाइल उघडताना एक्सेल ती कॉम्प्युटरच्या मेमरीत घेतं. तुम्ही टाइप करू शकता, बेरजाही बदलतात. भानगड उघडी पडते ती सेव्हच्या वेळी. सेव्ह करताना एक्सेल आधी त्याच फोल्डरात एक तात्पुरती फाइल लिहितं आणि ती पुरी झाली की तिला मूळ नाव देतं. फोल्डरच जागेवर नसेल तर ‘डॉक्युमेंट नॉट सेव्ह्ड’.

मार्केट यार्डातल्या आमच्या एका ग्राहकाकडे अगदी हेच झालं. सकाळपासूनच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशेब) भरल्या होत्या. हा संदेश आला, दिवाणजींनी ‘ओके’ दाबलं, वैतागून खिडकी बंद केली, आणि ‘बदल ठेवायचे का?’ या प्रश्नाला ‘डोन्ट सेव्ह’ म्हणून मोकळे झाले. तोपर्यंत सगळं काम मेमरीत शाबूत होतं, ते त्या एका क्लिकने गेलं.

म्हणून असं झालं की एफ-१२ दाबा. ‘सेव्ह अ‍ॅज’ची खिडकी येईल. डेस्कटॉप निवडा, फाइलच्या नावापुढे तारीख जोडा, सेव्ह करा. मग निवांत राउटर बघा, पेन ड्राइव्ह पुन्हा लावा. ड्राइव्ह परत दिसला की डेस्कटॉपवरची फाइल तिथे नेऊन ठेवा, पण जुनीवर चढवू नका, शेजारी ठेवा. पेन ड्राइव्ह लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारत असेल, तर ‘नाही’ म्हणा आणि आम्हाला फोन करा.

दिवाणजींच्या पट्ट्या पुष्कळशा परत मिळाल्या. एक्सेल दर १० मिनिटांनी आपल्यापुरती एक प्रत काढून ठेवतं, आणि ती झेडवर नाही, तुमच्याच सी ड्राइव्हवर असते. मूळ फाइल उघडून ‘फाइल’ आणि मग ‘इन्फो’मध्ये गेलात तर ती सापडू शकते. १० मिनिटं फार झाली असं आमचं मत आहे. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन ती ३ करून टाका.

झेड परत आल्यावर कधीकधी फोल्डरात आठ अक्षरांच्या विचित्र नावाची फाइल पडलेली दिसते. ती अर्धवट राहिलेली तात्पुरती प्रत असू शकते. कचरा समजून लगेच उडवू नका. आणि फाइल उघडताना ‘दुसरं कुणी वापरतंय’ असं सांगून तुमचंच नाव दाखवलं, तर घाबरू नका; फाइल उघडी असल्याची मागची खूण पुसायची राहिलेली असते.

यापेक्षा जास्त काळजी आम्हाला वाटते ती एका फाइलीतून दुसरीत आकडे ओढणाऱ्यांची. महिन्याचा गोषवारा डेस्कटॉपवर, रोजची विक्री झेडवर. झेड नसताना गोषवारा उघडला की एक्सेल ‘अपडेट करू का?’ असं विचारतं. अपडेट झालं नाही तर मागच्या खेपेचे आकडे तसेच राहतात, आणि सेलकडे बघून ते शिळे आहेत हे कळत नाही. ‘सम-इफ’ (अट लावून बेरीज करणारा फॉर्म्युला) लावलेलं असेल तर तिथे ‘#व्हॅल्यू!’ ही चूक येते, ‘इनडायरेक्ट’ (सेलचा पत्ता मजकुरातून घेणारा फॉर्म्युला) असेल तर ‘#रेफ!’. ते दिसलं तर उलट बरं, निदान शंका तरी येते. अशा वेळी फॉर्म्युले दुरुस्त करत बसू नका, ते बरोबरच असतात. झेड चालू करून विक्रीची फाइल उघडली की ते आपोआप सुधारतात. पेन ड्राइव्हवरून आकडे ओढत असाल तर एक लक्षात घ्या: आज ‘ई’ असलेला ड्राइव्ह उद्या ‘एफ’ होतो आणि एक्सेल ‘ई’च शोधत बसतं. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवल्या तर हा त्रास सहसा होत नाही.

राउटर आणि स्विचची पिन यूपीएसच्या सॉकेटात लावा. दोन्ही मिळून फार थोडी वीज खातात. जागा नसेल म्हणून तिथला लेझर प्रिंटर काढावा लागला तर बिनधास्त काढा, तो यूपीएसवर असायलाच नको. पुढच्या भेटीला आमचा माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून हे करून घ्या, त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत.