'सगळं बोलून टाक' हा सल्ला लगेच देऊ नका

कुणाचा अपघात झाला की लोक मागेच लागतात, 'सगळं सांग, मनात ठेवू नकोस'. हेतू चांगला असतो हो, पण लगेच वदवून घेतलं की ट्रॉमा टळतो हे खरं नाही. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी डिब्रीफिंगची, म्हणजे घटनेनंतर लवकरच तिच्याबद्दल बोलतं करायची पद्धत मांडली ती फायर ब्रिगेड, ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी, मग ती सरसकट सगळ्यांनाच लावली गेली आणि पुढे तपासलं तर एका सेशनने पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टळत नाही असंच निघालं. डब्ल्यूएचओचं मानसिक प्रथमोपचारावरचं २०११ चं गाइडपण म्हणतं, बोलायची जबरदस्ती नको. त्यापेक्षा शेजारी बसा, पाणी द्या, घरी फोन लावून द्या, स्वतःहून बोलला तर मधे न तोडता ऐका. महिना उलटूनही झोप नाही, तेच डोळ्यासमोर येतंय, तर मात्र थेरपिस्ट गाठा, तिथे बोलणं असतंच पण टप्प्याटप्प्याने.