डब्ल्यूएल वर्ग

भारतीय रेल्वेच्या हलक्या ब्रॉडगेज मार्गांसाठी बांधलेले वाफेचे प्रवासी इंजिन. नावातला ‘डब्ल्यू’ ब्रॉडगेजचा आणि ‘एल’ लाइटचा, म्हणजे हलक्याचा. हे हलकेपण अर्थात रूळ आणि पूल यांच्या हिशेबातले. फलाटावर शेजारी उभे राहिलेल्या माणसाला ते जाणवण्यासारखे नव्हते.

ब्रँच लाइनवर रूळ बारीक असत, पूल जुने असत. तिथे इंजिनाच्या एकूण वजनापेक्षा एका आसावर किती भार येतो, याला महत्त्व. मेनलाइनवरचे, म्हणजे मुख्य मार्गांवरचे, डब्ल्यूपी हे प्रवासी इंजिन अशा मार्गांना जड पडे. डब्ल्यूएलचा आसभार सुमारे १७ टनांवर ठेवला होता. चाकांची रचना डब्ल्यूपीसारखीच ४-६-२ : पुढची चार चाके वळणावर वाट दाखवायला, मधली सहा ओढायला आणि मागची दोन रुंद भट्टीचे ओझे पेलायला. भट्टी रुंद हवी, कारण आपल्या कोळशात राख फार. पुरेशी वाफ हवी तर कोळसा जिच्यावर जळतो त्या जाळीचे क्षेत्रफळ मोठे लागते. मात्र ओढणाऱ्या तीनच आसांवर मिळून जेमतेम ५० टन भार, त्यामुळे गाडी जड झाली की चाके जागच्या जागी घसरण्याची भीती. हलक्या इंजिनाची ही किंमत मोजावीच लागते. डब्ल्यूपीचे बंदुकीच्या गोळीसारखे नाक मात्र याला दिले नाही. तोंड साधे, सपाट. दिसायला डावे, पण कामाला चोख.

याआधी १७ टनी मार्गांवर एक्सबी वर्गाची इंजिने धावत. वेगात ती डोलत. १७ जुलै १९३७ रोजी बिहटा येथे एक्सबीची गाडी रुळांवरून घसरली. मोठी जीवितहानी झाली आणि या घराण्यातल्या इंजिनांची चौकशी करायला समिती बसली. स्वातंत्र्यानंतरच्या ‘डब्ल्यू’ मालिकेमागे हा धडा आहे.

पहिली दहा इंजिने १९५५ मध्ये इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीकडून आली. उरलेली ९४ पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्याने बांधली, तीही थेट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. याच कारखान्यातून १९६१ मध्ये ‘लोकमान्य’ हे विजेचे इंजिन बाहेर पडले होते आणि वाराणसीला १९६४ पासून डिझेल इंजिने बनू लागली होती. जुन्या युगाची इतकी नवी इंजिने बांधणे आज विचित्र वाटते. पण डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल ११२.८ टनांचे, सहा आसांवर प्रत्येकी जवळजवळ १९ टन. बारीक रुळांवर तेही पाहुणे म्हणून नकोच. चित्तरंजनने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन, ‘अंतिम सितारा’ नावाचे डब्ल्यूजी वर्गाचे मालगाडीचे इंजिन, १९७० मध्ये बांधले. म्हणजे डब्ल्यूएल त्याच्या जेमतेम आधीचे.

त्यामुळे बाद होताना यातली बरीच इंजिने वयाने तरुणच होती. ६ डिसेंबर १९९५ रोजी पंजाबात फिरोजपूर–जालंधर मार्गावर ब्रॉडगेजची नियमित सेवेतली शेवटची वाफेची गाडी धावली, ती १५००५ क्रमांकाच्या डब्ल्यूएलने ओढली. ‘शेर-ए-पंजाब’ नावाचे हे इंजिन व्हल्कनच्या १९५५ च्या तुकडीतले. ते पुढे हरियाणातल्या रेवाडीच्या वाफ-इंजिन शेडमध्ये जतन केले गेले.