स्विंग नृत्यातील जोडीचा प्रगत पदन्यास

लिंडी हॉप, चार्ल्सटन, बॅल्बोआ, जाइव्ह ही स्विंग जॅझवर जोडीने करायची नृत्ये. मूळ पावले पक्की झाल्यावर, जोडीदाराचा हात न सोडता आणि त्याचा तोल न बिघडवता पायांत केलेले फेरफार म्हणजे या नृत्यांतील प्रगत पदन्यास. त्याचा सगळा पाया वजनाच्या हिशेबात आहे. कोणत्या मात्रेला शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, हे दोघांनाही खाली न बघता कळले पाहिजे.

लिंडी हॉप न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय नर्तकांनी घडवले. तेथील सॅव्हॉय बॉलरूम १९२६ साली सुरू झाली, १९५८ साली बंद पडली. ‘शॉर्टी’ जॉर्ज स्नोडेन, फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) आणि नॉर्मा मिलर (१९१९–२०१९) ही तिथली मोठी नावे. जोडीदाराला हवेत उचलून फिरवण्याची पहिली करामत १९३५ साली मॅनिंग यांनी केली असे मानले जाते. चित्रपटांत अशाच करामती जास्त दिसतात. गर्दीच्या हॉलमध्ये मात्र खरा नर्तक पायांवरून ओळखू येतो.

लिंडी हॉपचा कणा आहे आठ मात्रांचा स्विंगआउट, म्हणजे दोघांनी जवळ येऊन फिरत पुन्हा हातभर लांब जाण्याची आकृती. १-२ वर रॉक स्टेप (एक पाऊल मागे टाकून वजन पुन्हा पुढच्या पायावर), ३-४ मध्ये ट्रिपल (दोन मात्रांत तीन पावले), ५-६ वर दोन साधी पावले, ७-८ मध्ये पुन्हा ट्रिपल. नृत्य चालवणारा लीड डाव्या पायाने सुरुवात करतो, त्याला साथ देणारा फॉलो उजव्या. (स्त्री-पुरुष कोणीही कोणतीही भूमिका घेऊ शकतो, आणि दोन्ही भूमिका शिकलेल्यांचे पाय लवकर सुधारतात.) या आठ मात्रांत वजन दहा वेळा बदलते. फेरफाराचा नियम सम-विषमाचा आहे: विषम वजनबदलांच्या जागी विषम, समच्या जागी सम. ट्रिपलमध्ये तीन वजनबदल असतात, म्हणून त्याऐवजी एकच पाऊल टाकून थांबले तरी चालते. रॉक स्टेपच्या जागी किक-बॉल-चेंज (एक किक, मग पंजावर क्षणभर वजन, मग दुसऱ्या पायावर) बसते, कारण हवेतल्या किकवर वजन नसते आणि उरतात दोनच बदल. पण ट्रिपलच्या जागी दोन साधी पावले टाकली की नर्तक भलत्याच पायावर येतो, आणि पुढच्या मात्रेला गुडघ्यावर गुडघा आपटतो.

हाच ‘भलता पाय’ मुद्दाम साधणे ही पुढची पायरी. शेजारी-शेजारी चार्ल्सटनमध्ये दोघांचे पाय विरुद्ध चालतात, एकामागे एक उभे राहून केलेल्या चार्ल्सटनमध्ये मात्र दोघेही डाव्याच पायाने सुरुवात करतात. एकातून दुसऱ्यात जाताना दोघांपैकी एकाने एक वजनबदल गाळावा लागतो किंवा वाढवावा लागतो, आणि तो हातातून दुसऱ्यापर्यंत धक्क्यासारखा पोचू द्यायचा नसतो.

गोव्यातल्या मराठी घरांतून, विशेषतः भजन, तबला आणि नाट्यसंगीताच्या वातावरणातून आलेल्या शिकणाऱ्याला लयीचा भाग परका नसतो. स्विंगमध्ये मात्रेचे तीन भाग कल्पून पहिले पाऊल लांब आणि दुसरे आखूड पडते. तबलजी ज्याला तिस्र जाती म्हणतात, तिच्याशी हे जवळचे आहे. स्विंगआउट आठ मात्रांचा, तर इतर अनेक आकृत्या सहा मात्रांच्या: केरव्यावर दादरा टाकल्यासारखाच हिशेब. चोवीस मात्रांनी दोन्ही एकत्र येतात. बारा बारांच्या (बार म्हणजे चार मात्रांचा गट) ब्लूजमध्ये ४८ मात्रा असतात, म्हणजे सहा स्विंगआउट किंवा आठ सहामात्री आकृत्या नेमक्या बसतात. हाता-पायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरणारे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर ज्या भूमीतले, तिथे हे गणित अवघड वाटू नये. अवघड जाते ते वेगळेच. स्विंगचा भर २ आणि ४ वर असतो, आणि समेवर टाळी देण्यात मुरलेला कान तो पुन्हा पुन्हा १ वर ओढून नेतो.

हातांतला ताण समजायला फुगडी पुरेशी आहे. दोघी मागे रेलून एकमेकींच्या हातांवर भार सोपवतात, एकीने कोपर सैल सोडला की दोघीही अडखळतात. स्विंगआउटच्या शेवटी दोघांमध्ये असाच, पण बराच हलका ताण येतो. तो टिकत असेल तर फॉलोला १-२ वर स्वतःचे स्विव्हल (पंजावर पाय आणि कंबर वळवणे) घेता येतात, लीडला न विचारता. प्रगत नृत्यात फॉलो केवळ मागे जाणारा नसतो, त्याचे पायही बोलतात. बऱ्याच वर्गांत याकडे फार उशिरा लक्ष दिले जाते.

स्विंगशी गोव्याचे नाते संगीतातून आले. चर्चच्या पॅरिश शाळांत नोटेशन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. हळदोण्याचे चिक चॉकलेट (आंतोनियो झेवियर वाझ) हे त्यांतले ठळक नाव. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या, भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये ते बँडसह पडद्यावरही दिसतात. नृत्याच्या बाजूने गोव्यात रुजला तो जाइव्ह. लग्नाच्या रिसेप्शनला आणि फेस्ताच्या रात्री तो आजही नाचला जातो, अनेकदा ट्रिपल गाळून, सरळ पावलांनी आणि हातांच्या गिरक्यांनी. अशा नाचणाऱ्याजवळ तोल, ताल आणि निर्भयपणा आधीच असतो. त्याला ट्रिपल आणि वजनाचा हिशेब दिला की गाडी चालू लागते. स्पर्धेतला जाइव्ह मात्र वेगळा: गुडघे उंच, वेग मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास.

सरावात आधी एकट्याने, संथ लयीवर, पावले तोंडाने म्हणत चालावे. मग जोडीने एका गाण्यात एकच फेरफार घ्यावा आणि तो दोन्ही बाजूंच्या ट्रिपलमध्ये घालून पाहावा. मिनिटाला १४० ते १६० ठोके सोयीचे पडतात. दोनशेच्या पुढे ट्रिपल चिरडू लागतात. तिथे चार्ल्सटनच्या किक घ्याव्यात, नाहीतर बॅल्बोआकडे वळावे: छातीशी छाती, पाय जमिनीलगत, पावले लहान. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या गच्च भरलेल्या हॉलमध्ये ते असेच घडले.

जमीन आणि बूट यांकडे गोव्यात जास्त लक्ष द्यावे लागते. रबरी तळ फरशीला चिकटतो आणि स्विव्हल घेताना गुडघा पिळला जातो. पावसाळ्यात ओलसर लादीवर चामडी तळ उलट घसरतो. म्हणून नाचाचे बूट वेगळे ठेवावेत, हॉलमध्येच घालावेत. मांडवातल्या खडबडीत कोब्यावर स्विव्हल सोडून किक आणि थांबे वापरावेत.