चक्का, लबनेह की चीज? टांगलेल्या दह्याची पार्श्वभूमी

दही कसं टांगायचं ते सांगत बसत नाही, ज्याच्या घरी पाडव्याला श्रीखंड होतं त्याला ते माहीतच असतं. फार जुनं एवढंच की संस्कृतात 'शिखरिणी' नावाचा दही-साखरेचा पदार्थ येतो आणि श्रीखंडाचं नातं तिथवर नेतात. तिकडे लेबनॉन-सीरियाकडे तेच दही मीठ घालून टांगतात, ते लबनेह. त्याचे गोळे करून ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवले की बरेच दिवस टिकतात.

म्हणजे वस्तू एकच, तिकडे मीठ आणि इकडे साखर. का, तर माझ्या मते निम्मं कारण उकाडा. आमच्या सांगलीत नव्वदीपर्यंत बऱ्याच घरांत फ्रिज नव्हता. आजी म्हशीचं दही जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून मोरीच्या नळाला लटकवायची, खाली पितळी पातेलं, रात्रभर टप टप, आणि सकाळी फडकं सोडलं की वरचा थर पिवळसर आणि चांगलाच आंबलेला. कोणी काही बोलायचं नाही, कारण पुरणयंत्रातून निघताना त्यात तेवढीच साखर पडायची. असला चक्का मीठ घालून भाकरीला लावला असता तर दुसऱ्या घासाला दात आंबले असते. पुढे फ्रिज आला, चाळणीत फडकं टाकून दही आतच निथळायला लागलं, गारव्यात आंबणं मंदावलं आणि मग कुठे लसूण-मिरं घालून ब्रेडला फासायचा खारा चक्का जमला.

आता खरा गुंता, याला चीज म्हणायचं का? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी हे घरी करून बघितलं आणि 'घरचं क्रीम चीज' हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पण क्रीम चीज वेगळं, ते १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातून पुढे आलं आणि मुळात दूध अधिक साय यातून करतात. अमेरिकेतल्या नियमात त्यात किमान ३३ टक्के फॅट लागतं. गंमत म्हणजे आपल्याकडच्या नियमात चक्क्यालाही किमान ३३ टक्केच फॅट, त्यामुळे लोक म्हणतात बघा, सारखंच की! पण आपला आकडा पाणी सोडून उरलेल्या कोरड्या भागावर मोजलेला आहे, आणि तो कोरडा भाग किमान ३० टक्के असावा असं म्हटलंय. म्हणजे चमच्यात आलेल्या चक्क्यात नियमाप्रमाणे दहा टक्क्यांच्या आसपास फॅट असलं तरी चालतं. कुठे दहा आणि कुठे तेहतीस. त्यात चीजची व्याख्या वेगळी आणि चक्क्याची वेगळी. २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही लबनेह चीजमध्ये नाही, दाट केलेल्या आंबवलेल्या दुधात धरलंय, त्यासाठी प्रोटीन किमान ५.६ टक्के हवं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही आहे, की आंबटपणाने दूध फाटून घट्ट झालं, पाणी काढलं, मग चीजमध्ये तरी दुसरं काय करतात? मुद्दा अगदीच खोटा नाही, रेनेट (चीज करताना दूध घट्ट व्हायला घालतात तो पदार्थ) न घालता नुसत्या आंबटपणावर होणारी चीज जगात आहेतच. तरी मला विचाराल तर चक्का हा शब्द घरात असताना उसना कशाला आणायचा.

अलीकडची भानगड विकतच्या दह्याची. एकदा दुकानातून आणलेलं डबाबंद दही मी रात्रभर टांगलं आणि सकाळी खाली अर्धी वाटीसुद्धा पाणी नाही. डबा उलटा करून वाचलं तर बारीक अक्षरात स्टॅबिलायझर, ते पाणी धरून ठेवतं आणि सोडतच नाही. म्हणून आता गवळ्याकडचं म्हशीचं दूध आणून घरीच विरजण लावते, किलोभर दह्याचा चक्का जेमतेम ४०० ग्रॅम होतो आणि खालच्या पाण्यात दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठाचं पीठ भिजतं.