पाकट व न्यूट (काट्यांची तुलना)

ईशान्य अटलांटिक व भूमध्य समुद्रातील सामान्य पाकट (शेपटीवर काटा असलेला चपटा मासा; शास्त्रीय नाव डॅसियाटिस पॅस्टिनाका, लिनीअस, १७५८) आणि स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्कोच्या डबक्यांत आढळणारा काटेबरगडी न्यूट (सरड्यासारखा दिसणारा शेपटीधारी प्राणी; प्ल्यूरोडेलीस वाल्टल, मिखाहेलेस, १८३०) या दोन्ही जाती विषारी काट्याने स्वसंरक्षण करतात. पहिली उपास्थिमीन (कूर्चेचा सांगाडा असलेला मासा), दुसरी उभयचर. त्यामुळे हे साम्य वंशागत नसून अभिसारी, म्हणजे स्वतंत्रपणे उद्भवलेले, होय. कोकण किनाऱ्यावरील पाकटे बहुतांशी याच कुलातील, पण जाती निराळ्या.

पाकटाचा काटा म्हणजे हाड नव्हे. तो त्वचेवरील दातासारख्या खवल्याचे रूपांतर असून दंतिनाचा (दातांतील कठीण द्रव्याचा) बनलेला असतो. कडांना मागे वळलेले दाते असल्याने तो आत शिरताना जितकी इजा करतो, त्याहून अधिक उपसताना करतो. खालच्या बाजूच्या दोन खाचांत विषोतक (विष तयार करणारे ऊतक) असते व त्यावर पातळ त्वचेचे वेष्टन. वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला की शेपूट उसळते, वेष्टन फाटते आणि विष जखमेत उतरते. हे विष प्रथिनयुक्त व उष्णतेने निकामी होणारे आहे. म्हणूनच जखम सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवतात. या काट्याने झाडही मरते, असे प्राचीन रोमन लेखक प्लिनीने नोंदविले आहे. ते अर्थातच ग्राह्य नाही.

न्यूटचा काटा मात्र त्याची स्वतःची बरगडी. डिवचल्यास तो अंग ताठ करतो, बरगड्या सुमारे ५०° पर्यंत पुढे फिरवतो आणि त्यांची टोके कुशीवरील नारिंगी चामखिळींतून बाहेर येतात. त्याच वेळी त्वचेतून पाझरणारा विषारी स्राव टोकांना माखला जातो. १८७९ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लायडिग यांनी या वर्तनाची नोंद केल्यावर वाद राहिला तो एवढाच, की टोके कायमच्या छिद्रांतून बाहेर पडतात की दर वेळी कातडी भेदून? छिद्रांचा पक्ष सोयीचा वाटतो खरा. प्राणी स्वतःलाच वारंवार जखमा करील हे पटणे अवघड होते. तथापि ईगॉन हाइस व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात अशी छिद्रे आढळली नाहीत. तेव्हा कातडी भेदली जाते, हेच मत अधिक सयुक्तिक दिसते. जखमा लवकर भरतात; याच पुनर्जननक्षमतेमुळे हा न्यूट प्रयोगशाळांत पाळला जातो.

पाकट पिलांना जन्म देते. न्यूट पाण्यात अंडी घालतो.